उजव्या हाताची नखं टिकवायची कशी? (फिंगरस्टाइल, स्टीलच्या तारा)

स्लो_लोकल

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची, वय ४४, बँकेत कॅशला बसते. लेकीने हट्टाने घेतलेली आणि दहावीचं वर्ष आलं म्हणून माळ्यावर गेलेली गिटार मी खाली उतरवली, आता ती माझीच झालीय. पिकने झणझण करण्यात मला रस नाही. अंगठ्याने खालचे सूर धरायचे आणि बाकीच्या बोटांनी वर चाल वाजवायची, म्हणजे गाणारं कुणी नसलं तरी गाणं पुरं होतं, ते मला आवडतं. जुनी भावगीतं बसवते. गिटार साधी ड्रेडनॉट (मोठ्या पोटाची, स्टीलच्या तारांची), तारा बाराच्या सेटच्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची.

गाडी अडलीय नखांवर. अनामिकेचं नख दर वेळी एकाच जागी तुटतं, अंगठ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात. मधल्या बोटाचं तुटत नाही, पण टोकाला खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात. तर्जनी पुढून झिजून तिरकी झालीय. अंगठा तेवढा शहाण्यासारखा वागतो.

केलेले उपाय: ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलेल्या बायोटिनच्या गोळ्या, नखं कडक करणारं पारदर्शक पॉलिश, रात्री खोबरेल. गोळ्यांनी केस बरे झाले असं नवरा म्हणतो, नखं आहेत तिथेच. पॉलिशने पहिले काही आठवडे छान वाटलं, मग नखं पूर्वीपेक्षा लवकर तुटायला लागली. हे माझ्याच बाबतीत होतंय का?

पार्लरवाली म्हणते ॲक्रिलिक लावून घ्या, महिनाभर बघायला नको. लावू का? कुणी सुपरग्लू लावतं असंही वाचलं. आणि सरळ नखं कापून टाकून नुसत्या बोटांनी वाजवणारे कुणी आहेत का इथे?

सकाळची भांडी मावशी करतात, रात्रीची माझ्याकडे. कणिक, नारळ, लसूण सगळं माझ्याकडेच. संध्याकाळी फाइल घेऊन बसले की सासूबाई म्हणतात, तिन्हीसांजेला नखं कापू नयेत. म्हटलं कापत नाहीये, घासतेय. तर म्हणाल्या, तेच ते. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवायचंय, म्हणून जरा घाई.

अंगठेबहाद्दर

ताई, अंगठ्याला थंबपिक चढवा आणि बाकीची तीन बोटं कातडीने वाजवा. चेट ॲटकिन्सने आयुष्यभर थंबपिक वापरलं, टॉमी इमॅन्युएल आजही वापरतो. खालच्या तारा ठणठणीत वाजतात. पिकची किंमत वडापावच्या आसपास. विषय संपला.

स्लो_लोकल

दादा, पण माझा अंगठाच तर ठीक आहे! रडारड बाकीच्या तिघांची आहे.

अंगठेबहाद्दर

हे वाचायचं राहिलं. 😀

सहावी_तार

मी पुण्यात क्लासिकल गिटार शिकवतो. बरीच वर्षं नायलॉनवर, त्याआधी तुमच्यासारखाच स्टीलवर. लोक नखं मजबूत कशी करायची ते विचारतात आणि मग दुकानातून मजबुती विकत आणतात. नख मजबूत असून भागत नाही, ते लवचीक आणि गुळगुळीत लागतं. तुमची तिन्ही बोटं तीन वेगळ्या कारणांनी खराब होताहेत, तेव्हा एकच औषध सगळ्यांना लावू नका.

आधी अनामिका. ती तुमच्याकडे पहिली तार वाजवत असणार. बाराच्या सेटमध्ये ही तार जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची असते, नुसती पोलादी, वर गुंडाळी नाही. नायलॉनची पहिली तार साधारण ०.७ मिलिमीटरची. हात गिटारवर ठेवलात की तार नखाच्या अंगठ्याकडच्या बाजूनेच आत शिरते. तिथे कोपरा राहिला असेल तर ती त्या कोपऱ्यामागे अडकते आणि प्रत्येक झटक्याला तोच कोपरा मागे खेचला जातो. मग तो तुटेल नाही तर काय होईल? पार्लरमध्ये नखाला जो सुबक चौकोनी किंवा बदामी आकार देतात तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला अंगठ्याकडची बाजू पार खाली, जवळजवळ कातडीला लागलेली हवी, आणि तिथून करंगळीकडे हळूहळू चढत जाणारा उतार. तार त्या उतारावरून घसरत बाहेर पडली पाहिजे.

लांबी: तळहात स्वतःकडे करून बोटं डोळ्यांसमोर सरळ धरा. बोटाच्या मांसावरून नखाची एक ते दीड मिलिमीटर कड दिसली तर पुरे. अंगठ्याचं थोडं जास्त चालतं. विद्यार्थ्यांची निम्मी गाऱ्हाणी मी नेलकटरनेच मिटवतो. लांब नख आवाज मोठा देत नाही, तरफ तेवढी लांब होते आणि लवकर मोडते.

आता गुळगुळीतपणा. नेलकटरला जोडलेली ती लोखंडी कानस फेकून द्या, ती नखाला करवतीचे दात पाडते. काचेची फाइल चांगली. त्यानंतर हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा, गाडीच्या पेंटिंगला वापरतात तो काळा. नंबर ६००, १००० आणि २०००. नाव वॉटर पेपर असलं तरी आपण तो कोरडाच वापरायचा. २००० नंबरच्या कागदाने वरून, कडेवरून आणि मुख्य म्हणजे नखाच्या आतल्या बाजूने घासायचं. आतली बाजू कुणी घासत नाही आणि तार लागते नेमकी तिथे.

तपासायला जॉर्जेटची जुनी ओढणी घ्या आणि नखाची कड तिच्यावरून फिरवा. धागा अडकला तर तिथे खाच आहे. बोटाला जे कळत नाही ते ओढणीला कळतं.

आणखी एक युक्ती. १००० नंबरच्या पेपरची बोटभर पट्टी कापा, खरखरीत बाजू वर करून तारेवर ठेवा, डाव्या हाताने धरा आणि उजव्या हाताने नेहमीसारखे झटके मारा. तुमच्या हाताच्या कोनाप्रमाणे नख आपोआप घासलं जातं. मग ते २००० ने चकचकीत करा. माझ्या नखाचा आकार तुम्हाला चालणार नाही, तुमचा मला नाही. मनगट किती वाकतं, नख मुळात सपाट आहे की पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं, त्यावर सगळं ठरतं. वळलेलं असेल तर अजूनच आखूड ठेवा.

तर्जनी झिजतेय त्याचं कारण तुमच्या तारांत आहे. क्लासिकल गिटारच्या वरच्या तिन्ही तारा नुसत्या नायलॉनच्या असतात. स्टीलच्या गिटारमध्ये मात्र तिसऱ्या तारेवरही ब्राँझची गुंडाळी असते आणि ती तार वाजवते तर्जनी. म्हणजे तुमचं हे नख दिवसभर कानशीवर फिरतंय. बाराऐवजी अकराचा सेट लावा किंवा कोटिंगवाल्या तारा घ्या, महाग पडतात पण गुंडाळी मऊ लागते. आणि नख आडवं ओढू नका. आधी बोटाचं मांस तारेला टेकू दे, मग नखावरून तार सुटू दे. आवाजही गोल येतो.

मधल्या बोटाचे पापुद्रे हा पाण्याचा उद्योग. नख म्हणजे मेलेल्या, चपट्या झालेल्या पेशींचे एकावर एक थर. पाण्यात गेलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. हे दिवसभर चालू राहिलं की थरांची पकड सुटते. पण भांडी तर तिन्ही बोटं घासतात, मग एकट्या मधल्या बोटालाच का? एक विचारतो, नोटा मोजताना तुम्ही कुठलं बोट ओलं करता?

स्लो_लोकल

अगं आई. मधलं! वाटीत ओला स्पंज असतो टेबलावर. मशीन आहे, पण फाटक्या-जुन्या नोटा हातानेच काढाव्या लागतात आणि गिऱ्हाईकासमोर एकदा हाताने मोजायची सवयच आहे. उजवं मधलं बोट दिवसभर स्पंजावर असतं माझं.

काका, तुम्ही पोलिसात होतात का?

सहावी_तार

नाही, माझी बायको पोस्टात होती.

रबराची बोटटोपी मिळते स्टेशनरीत, नोटा मोजायचीच. ती घाला, स्पंज शेजारच्याला द्या. रात्रीच्या भांड्यांना रबरी हातमोजे. आणि आंघोळीनंतर किंवा भांड्यांनंतर लगेच नख घासू नका, गिटारही लगेच घेऊ नका. ओलं नख मऊ असतं, घासलं की चिंध्या होतात. पूर्ण कोरडं होऊ द्या.

चर्मचक्षू

त्वचारोगाची प्रॅक्टिस आहे, गिटार अजिबात येत नाही, पण नखं रोज बघतो.

वर सांगितलेलं पाण्याचं कारण बरोबर आहे. खोबरेल चालू ठेवा, फक्त वेळ बदला. रात्री एकदा थापण्यापेक्षा दर वेळी हात धुतल्यावर थोडं चोळलेलं बरं, ओलावा आत राहतो. खोबरेलऐवजी पेट्रोलियम जेलीही तेवढीच चांगली.

कडक करणाऱ्या पॉलिशचा अनुभव तुमचा एकटीचा नाही. त्यातल्या काहींत फॉर्मल्डिहाइड असतं, ते नखातल्या प्रथिनाचे धागे एकमेकांना जखडतं. सुरुवातीला नख टणक लागतं, पुढे लवचीकपणा जातो आणि ते वाकायच्या ऐवजी तडकतं. बंद करा. नेलपॉलिश काढायला ॲसिटोनही वरचेवर नको.

कॅल्शियमच्या गोळ्या अजून कुणी सुचवल्या नाहीत म्हणून आधीच सांगतो: नखाचा कडकपणा केराटिन या प्रथिनातल्या गंधकाच्या बंधांमुळे असतो, नखात कॅल्शियम अगदी नगण्य. नखावरचे पांढरे ठिपकेही कॅल्शियम कमी असल्याची खूण नव्हेत. लोह मात्र तपासा. आपल्याकडे बायकांत ते कमी असणं फार सर्रास दिसतं, आणि फारच कमी झालं तर नखं मध्ये खोलगट होतात. थायरॉइडही बघून घ्या, कारण नखं ठिसूळ आणि केस गळताहेत ही जोडी तिथेही दिसते.

आता महत्त्वाचं. तपासणीला जाणार असाल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना बायोटिन घेत असल्याचं सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं. त्यात थायरॉइडच्या आहेत आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनचीही आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. गोळी किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील. बायोटिनने ठिसूळ नखं सुधारल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, पण ज्याचं नख स्पंजामुळे सोलतंय त्याला गोळी काय करणार?

धीर धरा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत यायला सहा महिने लागतात. आज जे टोक तुटतंय ते मागच्या दिवाळीच्या सुमाराचं आहे. गणपतीपर्यंत नवं नख येणार नाही, आहे ते जपायचं.

स्लो_लोकल

डॉक्टर, धन्यवाद. लोह आणि थायरॉइड दोन्ही करून घेते, गोळ्यांचं सांगून. ॲक्रिलिकचं काय?

चर्मचक्षू

मी पेशंटना नको म्हणतो. चिकटण्यासाठी नख आधी घासून पातळ करतात, काढताना आणखी पातळ होतं. शिवाय ॲक्रिलेटची ॲलर्जी उठली तर ती जन्माची सोबत, आणि दातांच्या काही फिलिंगमध्येही त्याच जातीची रसायनं असतात. जेलचंही तेच. कार्यक्रमापुरतं एखाद्या बोटाला लावलंत तर आभाळ कोसळणार नाही, पण दर महिन्याला नको.

उलटा_हात

कुडाळहून. गिटार नव्हे, सरोद. पण नखांचं दुःख एकच, फक्त आमच्याकडे हात उलटा. उजव्या हातात तार छेडायला नारळाच्या करवंटीचा जवा असतो, म्हणून ती नखं कशीही असली तरी चालतात. डाव्या हाताने मात्र आम्ही तार नखाच्या कडेने दाबतो. सरोदला पडदे नाहीत, खाली गुळगुळीत स्टीलचा पत्रा. नुसत्या मांसाने दाबलं तर मींड मऊ आणि बुजलेली येते, नखाने दाबलं तर स्वच्छ सरकते. (बोटाचं टोक आणि नख दोन्ही मिळून दाबणारेही आहेत, त्यावरून वाद घालायला मी इथे आलेलो नाही.)

रोजच्या रियाजाने तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नखाला तारेची खाच पडते. ती खोल जाऊ द्यायची नाही. रियाज संपला की लगेच दोन हात कागद फिरवायचा, दुसऱ्या दिवशी वाजवायच्या आधी नाही. ताजी खाच वरवरची असते. तीच ठेवून पुन्हा वाजवलं की तार तिथेच जाऊन बसते आणि नख चिरत जातं. ताईंच्या तर्जनीला हे लागू पडेल.

तेलाचं म्हणाल तर आमच्याकडे कोकमाचं तेल, मुठेल. टाचांच्या भेगांना लावतात तेच. घट्ट असतं, जरा गरम करून नखाच्या मुळाशी चोळायचं. कोकणातल्या पावसात मात्र नख कोरडं पडत नाही, उलट मऊ होतं. तेव्हा तेल कमी.

अंगठेबहाद्दर

सुपरग्लूचं कुणी सांगितलंच नाही. मी सांगतो, एवढं तरी मला येतं.

नखाला चीर गेली पण ती कातडीपर्यंत पोचली नसेल तरच हे करा. टी-बॅग फोडून तिचा कागद घ्या, नखाएवढा तुकडा कापा. नख कोरडं आणि तेलरहित करा. चिरेवर गोंदाचा एक थेंब, त्यावर कागद, त्यावर पुन्हा पातळ थेंब. सुकलं की वॉटर पेपरने सपाट करा. गरज पडली तर दुसरा थर. माझं असं जोडलेलं नख आठवडाभर आरामात टिकतं. अमेरिकन गायक-गिटारवादक जेम्स टेलर तर फायबरग्लासची जाळी आणि गोंद वापरून नखांवर थर चढवतो, त्याने स्वतः व्हिडिओत दाखवलंय.

सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका! कापसावर सुपरग्लू पडला की झटक्यात तापतो, चटका बसण्याइतका. सुती गाऊन घालून मांडीवर हात ठेवून हे करू नका. प्लॅस्टिकवर करा, खिडकी उघडी ठेवा. काढताना ओढायचं नाही, ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवायचं.

आणि नख अर्धं उडालं तर पिंगपाँगचा बॉल. त्याचा गोलावा नखाच्या गोलाव्याच्या जवळपास जातो. नखाच्या आकाराची फोड कापून ती नखाखाली चिकटवतात, क्लासिकलवाल्यांचा हा जुना धंदा. पूर्वी बॉल सेल्युलॉइडचे असत. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुसऱ्या प्लॅस्टिकचे आले. घरात जुना बॉल सापडला तर सेल्युलॉइड भसकन पेट घेतं हे लक्षात ठेवा. ते लावून आरतीचं तबक धरू नका, गणपती आहेत म्हणून सांगतोय.

मडगांव_स्टेशन

खोटी नखं म्हटल्यावर इथे सगळ्यांनी नाक मुरडलंय, म्हणून लिहितो. आमच्या गोव्यात फादो, म्हणजे पोर्तुगीज गाणी, गाणारे अजून आहेत, आणि त्याच्या साथीला पोर्तुगीज गितार्रा असते, बारा तारांची, सहा जोड्यांत. ती वाजवणारे अंगठा आणि तर्जनीला मुद्दाम बनवलेली खोटी नखं बांधतात. पूर्वी कासवाच्या पाठीची, आता प्लॅस्टिकची, बोटाला टेपने घट्ट केलेली. त्या वाद्याचा खणखणीत आवाजच त्या नखांचा आहे. तिथे कुणी म्हणत नाही की खरं नख नाही म्हणजे वादक कच्चा. ताई, कार्यक्रमाला लावायचं तर लावा, पण आधी महिनाभर त्यानेच सराव करा. तारेपासूनचं अंतर बदलतं, आयत्या वेळी बोट हुकतं.

सहावी_तार

गोव्याच्या मित्राशी सहमत, विशेषतः महिनाभराच्या सरावाबद्दल.

ताईंचा शेवटचा प्रश्न राहिला: नखांशिवाय वाजवणारे. आहेत, आणि घराणं मोठं आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये फर्नांदो सोर आणि दियोनिसियो आग्वादो हे दोन स्पॅनिश गिटारवादक मित्र होते. सोर नखांशिवाय वाजवायचा, आग्वादो नखांनी. वाद असून दोघं एकत्र वाजवत, सोरने दोघांसाठी एक युगुलरचनाही लिहिली. पुढे फ्रांसिस्को तारेगाने आयुष्याच्या उत्तरार्धात नखं काढून टाकली आणि त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल नखांशिवायच वाजवत राहिला. विसाव्या शतकातला स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया नख आणि मांस दोन्ही मिळून वाजवायचा, आणि मोठ्या सभागृहांत तोच आवाज पोचला, म्हणून आज आम्ही बहुतेक सगळे तसे वाजवतो. पण त्या जुन्या लोकांच्या तारा आतड्याच्या होत्या. नायलॉन आलं १९४० च्या दशकात, युद्धामुळे आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या तेव्हा. आतड्याची तार नुसत्या बोटाला छान बोलते. तुमच्या पोलादी तारेवर मांसाने वाजवलंत तर आवाज मऊ आणि थोडा लहान येईल, बोटांना घट्टे पडेपर्यंत दुखेलही. भावगीतांना तो आवाज वाईट नाही, माझ्या मते तर जास्त शोभतो. सोसायटीच्या हॉलमध्ये माइक असणारच.

स्लो_लोकल

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. ओढणी लावली. अनामिकेला जिथे तुटतं तिथेच अडकली, तर्जनीला दोन जागी. तारेवर वॉटर पेपरची पट्टी ठेवून घासलं, आकार खरंच वेगळाच आला, मी फाइलने करत होते त्याच्या जवळजवळ उलटा. बोटटोपी आणली. शेजारच्या काउंटरवरचा म्हणाला, मॅडम, स्पंजाला काय झालं? सांगितलं, गिटार. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

अकराचा सेट मागवलाय. एकच शंका: अनामिकेचं नख आता इतकं खाली घासलंय की कोपऱ्यात कातडीच लागते, आणि बाकी दोन बोटांचा आवाज तिच्यापेक्षा तीक्ष्ण येतो. चाल नेमकी तिच्याकडे असते. गणपतीपर्यंत काय करू?

सहावी_तार

बाकी दोघांनाही तेवढंच खाली आणा. तिन्ही आवाज एका जातीचे झाले की कानाला खटकणार नाही. उजवा हात साउंडहोलकडून (मधल्या भोकाकडून) थोडा ब्रिजकडे (तारा अडकवतात त्या पट्टीकडे) सरकवा, तीक्ष्णपणा तिथून मिळेल. नवा सेट कार्यक्रमाच्या निदान चार-पाच दिवस आधी चढवा, नव्या तारा सुरुवातीला सुरातून उतरत राहतात. आणि कार्यक्रमाच्या दिवशी मोदकांचा नारळ दुसऱ्या कुणाला तरी खवायला सांगा.

स्लो_लोकल

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, खवते, पण तू संध्याकाळी ते घासणं बंद कर.